प्रतिपदेचं पाणी

आई,

तू मला कधी पत्र लिहिलं नाहीस आणि मीही तुला नाही. विश्रांतवाडीच्या दोन खोल्यांत आपण तिघं एकमेकांच्या पायात पाय घालून राहिलो, पत्र लिहायची वेळच आली नाही. तू गेल्यावर तर प्रश्नच मिटला. तरी काल दुपारपासून मी मनातल्या मनात तुझ्याशी बोलते आहे आणि ते बोलणं थांबत नाही, म्हणून शेवटी कागद घेतला. दिवसभर कीबोर्ड बडवून माझं अक्षर आता इतकं बिघडलंय की तू पाहिलं असतंस तर म्हणाली असतीस, "कोंबडी नाचलीय कागदावर." तेवढंच म्हणून भाकरी थापायला वळली असतीस. कौतुक तुला जमत नसे आणि रागवायला तुला कारण लागत नसे. मला तू नावानं क्वचितच हाक मारलीस. गधडे म्हणायचीस. शाळेच्या फाटकात, बसथांब्यावर, चारचौघांत, गधडेच.

हडपसरच्या कारखान्यात तू टीव्हीच्या आतल्या पट्ट्यांवर केसाएवढ्या तारा डाग देऊन जोडायचीस. तिथल्या पंचवीस-तीस बायकांमध्ये तुझा हात सगळ्यांत स्थिर होता, असं तुझ्याबरोबरच्या बायका सांगायच्या. तू स्वतः कधी सांगितलं नाहीस. बाकीच्या दिवाळीला नाहीतर मे महिन्यात रजा घेत. तू घ्यायचीस फाल्गुनात, होळीच्या दोन दिवस आधीपासून रंगपंचमी होईपर्यंत. साहेबांनी एकदा विचारलं म्हणे, "बाई, या दिवसांत गावाला असतं तरी काय?" "मासे असतात," तू म्हणालीस. त्यांना वाटलं तू थट्टा करतेस. बाबा आपल्याला स्वारगेटला बसमध्ये बसवून द्यायचे आणि गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभे राहायचे. ते वऱ्हाडातले. समुद्र त्यांनी एकदाच पाहिला होता, तुमच्या लग्नात, आणि "एवढं पाणी आणि एक घोट पिता येत नाही" असं म्हणून पुन्हा त्याचं तोंड पाहिलं नव्हतं.

घाट उतरताना तू मला शिकवायला घ्यायचीस. तिथी किती? चतुर्थी. चाराची पाऊणपट किती? तीन. म्हणजे तीनला पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटे दोन्ही वेळा, आणि मध्ये सहा तासांवर ओहोटी. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पाढे मी शाळेत नाही, त्या गाडीत पाठ केले. मग पुढचं. पुनवेला आणि अवसेला उधाण असतं, पाणी जोरात येतं, तळ ढवळला जातो, माशाला गळ दिसत नाही. अष्टमीला भांग, तेव्हा पाणी मेल्यासारखं पडून असतं, मासा हलतच नाही. खरे दिवस मधले. तृतीया, चतुर्थी, पंचमी. त्यातही फाल्गुनातले, कारण थंडी सरलेली असते, पाणी हळूहळू ऊब धरायला लागतं आणि खोल गेलेला मासा कातळांकडे परत येतो. सकाळी मतलई वारा जमिनीकडून वाहतो, समुद्र ताटासारखा सपाट असतो. अकरा वाजले की खारा वारा उठतो, मग गुंडाळायचं. या दिवसांत पाणी निवळशंख असतं, म्हणून तंगूस, गळाचा तो नायलॉनचा दोरा, बारीक घ्यायचा आणि आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही.

कातळावर गेलीस की तू वेगळीच बाई व्हायचीस. साडीचा काचा मारलेला, उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला, तंगूस बोट कापू नये म्हणून. तुझ्याकडे काठी नव्हती, नुसता हाताचा गळ, बाटलीला गुंडाळलेला. आमिषाला बारकी कुर्ली नाहीतर कोळंबी. लाट फुटून फेस जिथे विरतो त्याच्या कडेला तू गळाला बांधलेलं शिसं टाकायचीस, फेसाच्या आत नाही आणि बाहेरही नाही. "तांबोशी बिळात बसलेली असते," तू सांगायचीस, "तिनं धरलं की विचार करायचा नाही. पहिल्या झटक्याला ओढलीस तर तुझी, दुसऱ्या झटक्याला ती बिळात." पालू मासा मात्र आधी नुसता हुंगतो, त्याला वेळ द्यायचा. हे सगळं तू इतक्या शांतपणे सांगायचीस की मला वाटायचं, पुण्यात राहते ती दुसरीच कोणीतरी आहे आणि ही माझी आई.

फक्त एक दिवस तू तुझाच नियम मोडायचीस. होळीच्या दुसऱ्या दिवशी, धुळवडीला. पुनवेच्या उधाणाचा जोर तेव्हा उतरलेला नसतो. प्रतिपदा, म्हणजे पाऊण वाजता भरती आणि सकाळी साडेसहा-पावणेसातला पूर्ण ओहोटी. ओहोटी इतकी मोठी की एरवी कधी न दिसणारे कातळ उघडे पडतात, आणि वळलेलं पाणी इतकं वेगानं येतं की बघता बघता सगळं झाकून टाकतं. मासेमारीला याच्याइतका वाईट दिवस नाही, हे तूच मला शिकवलेलं. तरी दर वर्षी त्या दिवशी उजाडता उजाडता तू गळ घेऊन निघायचीस. मला गावच्या घरी मावशीपाशी ठेवायचीस. मी बारा वर्षांची झाले त्या वर्षी हट्ट धरला, रडले, आणि का कोण जाणे, तू नेलंस.

सकाळ झालेली आहे पण सूर्य दिसत नाही, कारण धुकं आहे. गाव मागे राहिलंय, पालखी नाचवून थकलेली माणसं अजून झोपलीत, होळीच्या राखेचा वास किनाऱ्यापर्यंत येतोय. आपण उघड्या पडलेल्या कातळांवरून चालत जातो. शेवाळ निसरडं आहे, तू माझं मनगट धरलं आहेस. शेवटच्या दोन कातळांच्या मध्ये एक घळ आहे, त्यात घोट्याएवढं पाणी. घळीच्या पलीकडे सर्वांत पुढचा कातळ, आणि त्याच्यापुढे काही नाही, नुसता समुद्र. तू अलीकडच्या कातळावर बसतेस. "ती घळ ओलांडायची नाही," म्हणतेस. तू तंगूस सोडतेस, गळ माझ्या डोळ्यांसमोरून जातो आणि मला दिसतं की त्याला आमिष नाही. कुर्लीचा डबा तू उघडलेलासुद्धा नाहीस. "आई, आमिष राहिलं." "गप बस," तू म्हणतेस. तू पाण्याकडे बघतही नाहीस. मान थोडी कललेली, डोळे मिटलेले, फोनवर पलीकडचं नीट ऐकू येत नसलं की माणूस जसा होतो तशी. एकही पक्षी ओरडत नाही. लाटांचा आवाजसुद्धा धुक्यात कुठेतरी मागे पडलाय.

पुढचं तुला माहीत आहे. मी कंटाळून उठले, कालवांचे शिंपले गोळा करत घळीपर्यंत गेले. आणि घळीच्या पलीकडून, पुढच्या कातळावरून, तुझ्या आवाजात मला हाक आली. एकदा. मग दुसऱ्यांदा. मी घळीत उतरले. पाणी घोट्याला नव्हतं, गुडघ्याला लागलं. मी पलीकडच्या कातळाला हात घातला, एक पाय वर टेकला, आणि तिसरी हाक अगदी जवळून आली, कोणी ओणवं होऊन माझ्या डोक्यावरून बोलावं तशी. तेवढ्यात माझी वेणी मागे खेचली गेली. तू मला वेणीला धरून ओढलंस, आपण दोघी पडलो, पाणी तोवर माझ्या कमरेला आलं होतं आणि त्याला ओढ होती. तू मला अलीकडे फेकल्यासारखं वर टाकलंस, स्वतः आलीस आणि आधी एक थोबाडीत दिलीस. त्या थपडेचा आवाज धुक्यात किती मोठा झाला, ते मला अजून आठवतं.

"कशाला गेलीस तिकडे?"

"तू हाक मारलीस. मला वाटलं तू पुढे गेलीस."

तुझा हात वरच्या वर थांबला. "कुठून आली हाक?"

मी बोट दाखवलं. पुढचा कातळ तोवर निम्मा बुडाला होता. तू माझे दोन्ही खांदे धरलेस आणि तुझा चेहरा माझ्या चेहऱ्याजवळ आणलास. "काय म्हणाला?"

"कोण?"

"काय म्हणाला तो?"

"तो नाही. तुझाच आवाज होता. ये म्हणाली."

तुझे हात गळून पडले. मी वाचले म्हणून तू रडशील असं मला वाटलं होतं. तू रडली नाहीस. वर्षानुवर्षं वाट पाहिलेलं पत्र भलत्याच्या दारात पडावं, तसा तुझा चेहरा झाला होता. नंतर तू तंगूस बाटलीला गुंडाळलास, मला पुढे घातलंस आणि आपण घरी आलो.

मामाबद्दल मला मावशीनं त्याच दुपारी सांगितलं. तू विहिरीवर गेली होतीस. मावशी, तुझी थोरली बहीण, नारळ खवत बसली होती. तिनं माझ्या गालावरची बोटं पाहिली आणि विळी बाजूला केली. "गो, तिला दोष देऊ नको," ती म्हणाली. "आमचा एक भाऊ होता. सोळा वर्षांचा. ही अठराची. शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी दोघं गळ घेऊन गरवायला गेली, असंच धुकं होतं. तो पुढच्या कातळावर, ही अलीकडे. पाणी वळलं. त्याचा पाय कपारीत अडकला असणार. त्यानं हाक मारली हिला."

"मग?"

"हिला मोठा लागला होता नेमका. ही म्हणाली, थांब जरा. त्यानं परत हाक मारली. ही म्हणाली, आले, थांब. तिसरी मारली, तोवर हिनं मासा वर काढला होता. वळून बघते तर कातळच नाही." मावशीनं खवलेलं खोबरं बोटानं एका बाजूला केलं. "तांबोशी होती. चांगली चार किलोची. हातात तशीच धरून घरी आली, सोडेचना. तो सापडला नाही. मासा कोणी खाल्ला नाही. आईनं परसात पुरला."

मी ते तुला कधी विचारलं नाही आणि तूही कधी काढलं नाहीस. पुढच्या वर्षापासून धुळवडीला तू पुन्हा एकटी जायला लागलीस. मी दारात उभी राहून तुझी वाट बघायची. दहाच्या सुमाराला तू यायचीस, कोरड्या हातांनी, आणि मावशी काहीही न विचारता चहा टाकायची. पंचमीपर्यंत मग आपण भरपूर मासे मारायचो, जणू मधला तो दिवस कॅलेंडरात नव्हताच.

मी कॉलेजात गेले तेव्हा बाहेरचा माल स्वस्त यायला लागला होता, आणि एका सोमवारी तुमच्या कारखान्याच्या फाटकाला कुलूप दिसलं. तू घरी आलीस, डबा उघडलास आणि तिथे खायची पोळी इथे खाल्लीस. संगणकाचा वर्ग मी लावला तो तुझ्या सांगण्यावरून. "तारा जोडायचं काम माणसाला देणारे दिवस गेले," तू म्हणालीस, "तू जोडत बसू नको, जोडायला सांगणारी हो." दहा-बारा वर्षांनी मी त्याच हडपसरला, काचेच्या इमारतीत, पाचव्या मजल्यावर बसायला लागले. तुला एकदा दाखवायला आणलं होतं. तू काचेला हात लावून बघितलास आणि म्हणालीस, "खिडकी उघडत नाही? मग वारा कुठला आहे ते कळणार कसं?"

मग तुला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. माघ निम्मा सरला होता. दवाखान्यातून तुला घरी आणलं, पुढच्या खोलीत कॉट टाकली. पंधरा दिवस तू काही बोलली नाहीस आणि मग एके दिवशी बाबांचा ऑफिसात फोन आला. "ती बोलली."

"काय बोलली?"

"पाणी वळलं, म्हणते. मी नळ बघून आलो. नळाला पाणी नाही."

त्यानंतर रोज. दिवसातून दोनदा-तीनदा, तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून, जड पण स्पष्ट. पाणी वळलं. भरलं. ओसरायला लागलं. बाकी एक शब्द नाही. मला वाटलं भास. मग एकदा जेवणाच्या सुट्टीत मी सहज इंटरनेटवर आपल्या बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक उघडलं आणि बाबांना फोन लावला. तू वळलं म्हणालीस ती वेळ आणि कोष्टकातली वेळ यांत दोन मिनिटांचा फरक. दुसऱ्या दिवशी तीन मिनिटांचा. मी स्वतःला समजावलं की तू तिथी मोजतेस, डोकं शाबूत आहे, चांगली गोष्ट आहे. भिंतीवरचं कॅलेंडर काढून कपाटात ठेवलं. काही फरक पडला नाही. घड्याळ काढलं. तरी नाही. आणि मग माझ्या लक्षात आलं की पाऊणपटीचा हिशोब ढोबळ असतो, कधी कधी चांगला अर्धा-पाऊण तास चुकतो. तू त्या हिशोबानं सांगत नव्हतीस. ज्या दिवशी हिशोब चुकत होता त्या दिवशीही तू कोष्टकाबरोबर होतीस. विश्रांतवाडीत, डोक्यावरून विमानं जाताना, आळंदी रस्त्यावरच्या बसच्या खडखडाटात, मध्ये अख्खा सह्याद्री असताना, तुला ते पाणी आत येताना आणि बाहेर जाताना कळत होतं. मी हे बाबांना सांगितलं नाही. पण संध्याकाळी स्कूटर लावली की मी बराच वेळ जिन्याखालीच थांबायला लागले.

धुळवडीला सुट्टी होती. खाली सोसायटीतली पोरं रंग खेळत होती, ड्रमातलं पाणी एकमेकांवर ओतत होती. सकाळचे सात वाजत आले होते... नाही, साडेसातच्या पुढे असेल, कारण बाबांचा दुसरा चहा झाला होता. तू एकदम मान वळवलीस. झटका आल्यापासून तू मान वळवली नव्हतीस. डावा हात उचललास आणि माझ्या ओढणीचं टोक धरलंस.

"ओ दे," तू म्हणालीस.

"कोणाला, आई?"

"हाका मारतोय. ओ दे ना. माझं... निघत नाही."

तुझ्या घशातून आवाज काढायचा तू प्रयत्न करत होतीस, मानेच्या शिरा फुगल्या होत्या, आणि बाहेर नुसती हवा येत होती. मी कान दिला. खाली पोरं ओरडत होती, कोणीतरी पिपाणी वाजवत होतं. बाकी काही नाही. लहानपणी कातळावर मला इतकं स्पष्ट ऐकू आलं होतं, आणि त्या सकाळी मी श्वास रोखून बसले तरी काहीच आलं नाही. मी बाबांकडे पाहिलं. ते खुर्चीत ताठ बसले होते. कपबशी हातातच होती. देव, भूत, पत्रिका, कशावर विश्वास नसलेला माणूस. पुण्यात पस्तीस वर्षं राहून त्यांची बोली पार पुणेरी झाली होती. फक्त घाबरले की वऱ्हाडी बाहेर यायची.

"मलेबी आलं ऐकू," ते म्हणाले. "दोनदा झालं."

तू माझी ओढणी सोडत नव्हतीस. बाबांनी कपबशी जमिनीवर ठेवली. "तिसरी झाली, पोरी. दे ओ. देऊन टाक."

आणि मी दिली. जे मला ऐकूच येत नव्हतं त्याला, खिडकीकडे तोंड करून, छातीत होता तेवढा दम लावून मी "ओ" दिली. खाली पोरं क्षणभर गप्प झाली. तू ओढणी सोडलीस. तुझा वाकडा झालेला ओठ सरळ झाला, आई, मी डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले, पण झाला, आणि तू अगदी तुझ्या जुन्या आवाजात, लाडानं, जसं माझ्याशी कधी बोलली नाहीस तसं म्हणालीस, "आले रे."

त्यानंतर तू अकरा दिवस होतीस. पाण्याबद्दल एकदाही बोलली नाहीस. मऊ भात खायचीस, झोपायचीस. मी कोष्टक बघणं सोडून दिलं. एका दुपारी बाबा औषधं आणायला गेले असताना तू गेलीस, इतकी सहज की मला दहा मिनिटं कळलं नाही. अस्थी बाबांनी आळंदीला नदीत सोडल्या. मी म्हणत होते कोकणात नेऊ, ते ऐकेनात. इकडच्या नद्या पूर्वेला जातात, दुसऱ्याच समुद्राला मिळतात, हे त्यांना माहीत होतं, आणि मला वाटतं म्हणूनच त्यांनी तसं केलं. त्या सकाळबद्दल मी त्यांना एकदाच विचारलं. "कसली हाक?" ते म्हणाले. "पोरं ओरडत होती खाली." पुढे तेही गेले. मावशी गेली. गावचं घर बंद आहे. मी त्या कातळावर पुन्हा गेले नाही.

आता कालचं सांगते. माझ्या हाताखाली तीन जणं आहेत, दोन मुलगे आणि एक मुलगी, तिघंही पंचविशीतले. त्यांना गेल्या वर्षापासून मासेमारीचं वेड लागलंय. काठ्या ऑनलाइन मागवल्यात, रंगीत प्लॅस्टिकचे मासे मागवलेत. मला यातलं कळतं हे त्यांना कुठून कळलं कोण जाणे. पंधरा दिवसांपूर्वी कॅन्टीनमध्ये फोन पुढे धरून त्यांनी मला उपग्रहाचा नकाशा दाखवला. "मॅडम, हा पॉइंट बघा, एकदम ऑसम आहे, लो टाइडला शेवटपर्यंत चालत जाता येतं." वरूनही मी तो कातळ ओळखला, आणि ती घळही. धुळवडीची सुट्टी जोडून आली होती, तेव्हा जाणार होते. मी म्हटलं, उधाण असतं, काही लागणार नाही, पंचमीला जा. "पंचमीला सुट्टी नाही, मॅडम." मग मी जे सांगता येईल ते सांगितलं. पावणेसातच्या आसपास पाणी वळेल. वळलं की त्याच क्षणी मागे फिरायचं. मासा लागलेला असला तरी. तिघांनी माना डोलावल्या. दुसरं काही सांगायचं मला धाडस झालं नाही, हसले असते. धुळवडीच्या सकाळी मी पाच वाजल्यापासून जागी होते आणि फोन हातात घेऊन बसले होते.

काल ते ऑफिसला आले. उन्हानं काळवंडलेले, खूश. त्यांतल्या एकानं चहाचा कप घेऊन माझ्या टेबलाशी खुर्ची ओढली.

"मॅडम, खरं सांगू? तुम्ही सांगितलेलं आम्ही पार विसरलो होतो. याला मोठा लागला होता. आम्ही तिघं त्याच्यातच. आणि तेवढ्यात एक बाई जाम ओरडायला लागली."

"कुठून?"

"समोरून. म्हणजे समुद्राकडूनच. धुकं होतं, काही दिसत नव्हतं. बोट असेल एखादी."

"काय म्हणाली?"

तो हसला. "पाणी वळलंय, दिसत नाही का? व्हा मागे, गधड्यांनो! सोडा तो मासा!"

मुलगी म्हणाली, "मॅडम, सिरियसली, इतकी चिडली होती ना ती! मला आमच्या होस्टेलच्या रेक्टर आठवल्या. यानं सरळ लाइन कापली आणि आम्ही पळालो. मागे वळून बघितलं तर मधल्या गॅपमधून पाणी असं वाहत होतं. दोन मिनिटं उशीर झाला असता तर..." मी विचारलं, ती एकदाच ओरडली का. नाही, मुलगी म्हणाली, किनाऱ्याला पोचेपर्यंत ती बाई बडबडत होती.

मी मीटिंग आहे म्हणून उठले आणि जिन्यात जाऊन उभी राहिले, कारण आमच्याकडे तेवढीच एक खिडकी उघडते. वारा पश्चिमेचा होता.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा त्यात खोटं लिहायचंही कारण नाही. त्या दिवशी तू विचारलंस आणि मी म्हणाले, मला वाटलं तू पुढे गेलीस. तसं मला वाटलं नव्हतं. धुकं तेवढं दाट नव्हतं, आई. तू मागे दहा पावलांवर बसली होतीस, मला तू दिसत होतीस. आणि हाक नुसती "ये" अशी नव्हती. "ये गं बाळ" अशी होती. तू मला कधीच बाळ म्हटलं नव्हतंस. ती तू नव्हेस हे मला पहिल्याच हाकेला कळलं होतं, आणि कळूनही मी घळीत उतरले, कारण मला ती हाक आणखी एकदा ऐकायची होती.